दोषाची वाटणी

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी हयातभर शाळेत मराठी शिकवलं. त्यांच्या नावानं बोलायला मिळणं हा मी माझा मान समजतो. संयोजकांनी मला विषय दिला तो असा : साहित्यातलं कौटुंबिक दुःखाचं चित्रण. विषय भला मोठा आहे. दीड तासात सगळं आवरायचं म्हटलं, तर नुसती नावांची यादी होईल. म्हणून मी एकच धागा धरणार आहे.

आपल्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की आपण समाचाराला जातो. सतरंजीवर टेकतो, थोडा वेळ गप्प बसतो आणि मग कुणीतरी विचारतं, "कसं झालं?" या प्रश्नामागोमाग पुढचे प्रश्न येतात. आधी काही त्रास होता का? मोठ्या डॉक्टरांना दाखवलं नव्हतं का? रात्री जवळ कोण होतं? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, तरी या प्रश्नांचा रोख चुकवणाऱ्याकडे असतो. तेरावा उरकेपर्यंत भाऊबंदांत, शेजारीपाजारी निकाल लागलेला असतो. थोरल्यानं हयगय केली, सुनेनं बघितलं नाही, नाहीतर त्या बाईचं नशीबच फुटकं. जमिनीची वाटणी वर्षानुवर्षं कोर्टात लोंबकळते. दोषाची वाटणी तेरा दिवसांत होते, तिची नोंद कुठल्याच तलाठ्याकडे नसते आणि तिच्यावर अपीलही नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, घरातल्या शोकांतिकेवर लिहिणारा लेखक ही झालेली वाटणी पुन्हा उघडतो. कुणाच्या माथी भलताच हिस्सा मारला गेला, कुणी आपला हिस्सा शिताफीनं चुकवला, हे तो तपासतो. वाचकाला रडवणं त्या मानानं सोपं असतं. लेखकाचा कस लागतो तो या फेरतपासणीत. मराठीतली काही पुस्तकं आणि नाटकं या एका कसोटीवर आज लावून पाहू.

सुरुवात हरिभाऊंपासून. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी हरि नारायण आपट्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून 1890 नंतरच्या काळात क्रमशः आली. यमूनं स्वतःच सांगितलेली ही तिची कहाणी. लहानपणी लग्न, सासरचा जाच, मग नवऱ्याबरोबर मुंबईला काढलेले थोडे सुखाचे दिवस, नवऱ्याचा मृत्यू आणि त्यानंतर तिच्या इच्छेविरुद्ध झालेलं केशवपन. समाचाराला आलेल्या बायकांनी यमूच्या बाबतीत एकच निकाल दिला असता : पांढऱ्या पायाची. ती चालू वाटणी होती, आणि विधवेच्या पदरात दोषाचा शंभर टक्के हिस्सा टाकून बाकीचे मोकळे होत होते.

हरिभाऊ ही वाटणी दोन पायऱ्यांनी उलटवतात. पहिली पायरी सोपी. त्यांनी शंकरमामंजींसारखा ढोंगी, धर्माचं नाव पुढे करणारा माणूस उभा केला. वाचकाला चीड यायला एक चेहरा मिळाला. पण कादंबरी तिथेच थांबली असती, तर तिची किंमत एका खलपुरुषाच्या गोष्टीएवढीच राहिली असती. दुसरी पायरी अवघड आहे. यमूवर मनापासून माया करणारी माणसंही या कादंबरीत आहेत. तिचा दादा आहे, आई आहे. त्यांच्या मायेनं यमूचं काही वाचत नाही. घरातली चांगली माणसं प्रसंग आला की खाली बघतात, आणि शंकरमामंजींची ताकद वाढते ती त्यांच्या या खाली बघण्यामुळे.

हे प्रकरणामागून प्रकरण छापून येत होतं त्या सुमारास बाहेर काय चाललं होतं, तेही पाहू. संमतिवयाच्या बिलावरून पुण्यात रान पेटलं होतं. 1891 मध्ये मुलीचं संमतिवय 10 वरून 12 झालं. आणि 1890 मध्येच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा निर्धार केला. या घटनेचं मला फार मोल वाटतं. केशवपनाचा दोष त्यांच्यावर कुणी टाकलेला नव्हता. ते बोलावल्यावर येणारे, मजुरी घेऊन जाणारे. तरी त्यांनी आपल्या हातातल्या वस्तऱ्यापुरता हिस्सा ओळखला आणि तो नाकारला. वाड्यातल्या शहाण्यासुरत्यांना जे सुचलं नाही, ते त्यांना सुचलं.

आता रंगभूमीकडे वळू. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी गेले. 'एकच प्याला' त्यांच्या मागे त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. सुधाकर झाले गणपतराव बोडस, सिंधू झाले बालगंधर्व. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. कथा तुम्हाला पाठ आहे. हुशार, तापट वकील सुधाकर. कोर्टात मुनसफाशी खटका उडून त्याची सनद काही काळ रद्द होते. अपमान गिळायला तळीरामाच्या संगतीनं तो पहिला प्याला घेतो आणि तिथून घर उतरणीला लागतं. माहेर सधन असून सिंधू माहेरची मदत घेत नाही, लोकांची दळणं दळते. शेवटी नशेतल्या सुधाकराच्या हातून स्वतःचं मूल जातं, सिंधू जाते आणि मग तो स्वतः.

या नाटकात दोषी कोण, याचं उत्तर नावातच दिलेलं आहे असं आपण समजतो. दारू. शंभर वर्षं या नाटकाची अशी मद्यपानविरोधी नाटक म्हणून सोय लावली गेली. मला मात्र यातल्या आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांचं महत्त्व जास्त वाटतं. तळीराम आणि त्याचं टोळकं दारूचं तत्त्वज्ञान सांगतात, एकेक कोटी अशी की प्रेक्षागृह हसून लोळतं. गडकऱ्यांनी हा विनोद केवळ चव पालटायला घातला असं बहुतेक जण मानतात. पण अंकांचा क्रम बघा. आधी आपण पिणाऱ्यांच्या बाजूनं पोट धरून हसतो. ज्या गोष्टीवर हसलो तिनंच पुढे पाळण्यातलं मूल संपवलेलं आपल्याला बघावं लागतं. सुधाकराच्या घरात घडलं त्यात त्याच्या अहंकाराचा वाटा आहे, संगतीचा आहे, आणि संध्याकाळी अशा बैठकीला 'चालायचंच' म्हणणाऱ्या प्रतिष्ठित गावाचाही आहे. तिकीट काढून हसलेला प्रेक्षक या गावातच बसतो.

सिंधूबद्दल मात्र मला गडकऱ्यांशी भांडावंसं वाटतं. ती शेवटपर्यंत नवऱ्याला दोष देत नाही. एका बाजूनं हे तिचं मोठेपण. दुसऱ्या बाजूनं, जिच्यावर सगळं कोसळलं तिलाच वाटणीत बोलायला बंदी. बालगंधर्व म्हणजे भरजरी शालू, दागिने. त्यांच्या राहणीचं अनुकरण घरंदाज बायका करत. त्या बालगंधर्वांनी सिंधूसाठी ठिगळाचं लुगडं नेसलं, हा नाट्यइतिहासातला कौतुकाचा विषय आहे आणि ते कौतुक रास्तच आहे. पण त्या ठिगळाच्या लुगड्यातून येणारा सूर इतका गोड होता की दुःखाचीच चटक लागावी. सहन करणारी बाई पाहणं सुखाचं होतं, आणि तिनं तोंड उघडावं असं कुणाला वाटत नाही. मराठी रंगभूमीवर आणि पुढे चित्रपटांत सिंधूच्या किती लेकी-सुना अशा मुकाट झिजल्या, हे तुम्ही जाणता.

'नटसम्राट' 23 डिसेंबर 1970 रोजी रंगभूमीवर आलं. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, आप्पासाहेब बेलवलकर म्हणजे डॉ. श्रीराम लागू आणि कावेरी म्हणजे शांता जोग. शेक्सपिअरच्या लिअरचं बीज नाशिककर वि. वा. शिरवाडकरांनी मराठी मध्यमवर्गीय घरात रुजवलं. निवृत्त नट आपलं किडुकमिडुक मुलांत वाटून मोकळा होतो आणि मग मुलाकडून मुलीकडे, मुलीकडून रस्त्यावर येतो.

हे नाटक मी वर्गात अनेकदा शिकवलं. मुलांचा निकाल ठरलेला असे : कृतघ्न मुलं. एका वर्षी एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "सर, आमच्या घरात असे आजोबा आहेत. त्यांच्याबरोबर दोन खोल्यांत राहून बघा." वर्ग हसला. मी मात्र घरी जाऊन नाटक पुन्हा वाचलं. आप्पासाहेब घरातही प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. त्यांना संवाद करता येत नाही, स्वगत येतं. सुनेला आपल्या मुलीवर होणाऱ्या परिणामाची चिंता वाटते, ती अगदीच निराधार नाही. शिरवाडकरांनी हे सगळं लिहून ठेवलंय. आपण ते बघत नाही, कारण नटाच्या तोंडची भाषा इतकी भारून टाकते की समोरच्याची बाजू ऐकूच येत नाही. मुलीच्या घरी बापावर चोरीचा संशय येतो तिथे मुलं गुन्हेगार ठरतातच, त्यात शंका नाही. पण त्या क्षणापर्यंतची वाटणी तशी एकतर्फी नाही. आणि कावेरी? दोन्ही बाजूंचं ऐकणारी, नवऱ्याचा ताठा आणि मुलांचा कोरडेपणा दोन्ही ओळखणारी तीच एक. न्याय करायचा झाला तर तिनंच करावा. आणि नाटकात ती आधी जाते.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'वर मी जरा रेंगाळणार आहे. 1985 मध्ये विजया मेहतांनी ते बसवलं. विदर्भातल्या धरणगावचे देशपांडे. तात्याजी गेलेत आणि तेराव्यासाठी मुंबईहून धाकटा सुधीर बायकोसह आलाय. घरी थोरला भास्कर, वहिनी, आई, म्हातारी दादी, अविवाहित चंदू आणि प्रभा, आणि भास्करची मुलं पराग आणि रंजू. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय. वतनदारी गेली, जमीन आटली, आणि गावाला तेरवीचं जेवण घालायचं तर पैसा कुठून आणायचा हा प्रश्न. म्हणजे ज्या तेरा दिवसांचा मी सुरुवातीला उल्लेख केला, नेमके तेच दिवस एलकुंचवारांनी नाटकासाठी निवडलेत.

इथे कुणीही रडून घेत नाही. मेलेल्या माणसाबद्दल बोलायला सवडच नाही. प्रत्येकाकडे हिशेब आहे. भास्कर म्हणतो आम्ही इथे राहून निस्तरलं. सुधीरला वाटतं मुंबईतल्या दोन खोल्यांत आपण काय भोगलं ते यांना काय कळणार. प्रभाला शिकायचं होतं, घराण्याच्या इभ्रतीनं तिला घरात बसवलं. चंदू मुकाट ओझी वाहतो. घरचा मुलगा असून गड्यासारखा राबतो, आणि तक्रार करण्याइतकंही स्वतःला महत्त्व देत नाही. एका रात्री वहिनी घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालते. हा प्रवेश मला फार मोठा वाटतो. ज्या बाईनं उभा जन्म स्वयंपाकघराच्या धुरात काढला, ती काही क्षणांपुरती देशपांड्यांची थोरली सून होऊन बघते. दागिने तिचे नाहीत, हे तिलाही ठाऊक आहे. पुढे तेच दागिने घेऊन रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते, आणि ज्यांच्यावर सगळ्यांचा डोळा होता त्यांची वाटणी करायचा प्रश्नच मिटतो.

यात खलपुरुष शोधून पाहा. सापडत नाही. भास्कर लबाडी करतो, पण दुष्ट नाही. दोष वाड्याच्या रचनेतच चिणलेला आहे : थोरल्यानं मालक व्हायचं, धाकट्यानं बाहेर पडायचं, बाईनं राबायचं, मुलीनं थांबायचं आणि कष्टाचं काम करणारा देशपांडे म्हणवूनच घ्यायचं नाही. मात्र 'परिस्थितीच तशी' म्हणून एलकुंचवार कुणाला सोडूनही देत नाहीत. प्रभाच्या शिक्षणाला नाही म्हणणारा माणूस होता, वाडा नव्हता. माणूस आणि व्यवस्था दोघांचाही हिस्सा एकाच वेळी दाखवायचा, एकाच्या आडून दुसऱ्याला पळू द्यायचं नाही, हे मराठी नाटकाला इतक्या नेटकेपणानं क्वचितच जमलंय.

आता ज्या दुःखात दोषी कुणीच नसतो, त्याचं काय करायचं? हे लेखकाला सर्वांत जड जातं, कारण रागाला धरायला काही उरत नाही. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी 1963 ची. पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते. त्या पानांत नेमाडे करुण शब्द जवळजवळ वापरत नाहीत. पांडुरंगचा संताप मात्र टेकायला जागा शोधत घरभर, जगभर हिंडतो आणि कुठेच बसत नाही. मराठी कादंबरीतल्या शोकाला तोवर पदर ओला करायची सवय होती. इथे तो दातओठ खाणारा झाला.

दुसरं उदाहरण एकाच घरातलं आहे. ना. मा. संत आणि इंदिरा संत, दोघंही लिहिणारी. 'सहवास' हा दोघांच्या कवितांचा संग्रह. 1946 मध्ये ना. मा. संत गेले. इंदिराबाई बेळगावला शिक्षिका, पदरात मुलं. पुढे 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी' असे संग्रह आले. त्या कवितांत मृत्यूचा प्रसंग शोधू जाल तर हाती लागत नाही. कुणी गेल्याची बातमी नाही, आक्रोश नाही. पाऊस असतो, तिन्हीसांज असते, घरातली एखादी वस्तू असते आणि जवळ नसलेल्या कुणाशी तरी चाललेलं बोलणं असतं. 'त्यांनी' असं का केलं, देवानं असं का केलं, हा प्रश्नच तिथे विचारला जात नाही. वाटणीची भाषाच या कवितेनं टाकून दिलीय.

याच घरातला मुलगा वडील गेले तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. तो पुढे कराडला भूशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात 'प्रकाश नारायण संत' या नावानं 'वनवास'पासून लंपनच्या कथा त्यानं एकामागून एक पुस्तकरूपानं दिल्या. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे ठेवलेला लंपन, त्याची मैत्रीण सुमी, त्याच्या तोंडी सारखं येणारं 'मॅड', बेळगावकडची कानडी वळणाची मराठी. सगळं इतकं खेळकर की पहिल्या वाचनात या कथांच्या बुडाशी काय आहे हे लक्षातही येत नाही. मला इथे का ठेवलंय, या प्रश्नाचं सरळ उत्तर लंपनला कुणी देत नाही आणि त्यानं कुणावर रागवावं असंही कुणी वागत नाही. माया सगळेच करतात, तरी तुटलेपण आहेच. या मालिकेच्या अखेरीस वडिलांचा मृत्यू येतो तेव्हा आधीच लांब असलेला माणूस कायमचा लांब जातो.

लंपन म्हणजे लेखक आणि कवितेतला 'तो' म्हणजे ना. मा. संत, असं समीकरण मी मांडणार नाही; साहित्य असं वाचायचं नसतं. पण एका घरात एक मृत्यू झाला, त्याची आईनं कविता केली आणि जवळपास अर्ध्या शतकानं मुलानं कथा केली, ही वस्तुस्थिती आहे. आईच्या प्रेमकवितेत मुलांना फारशी जागा नाही. मुलाच्या कथेत पोराचं कुतूहल आहे, तिथे विधवा आईच्या रात्रीचा वावर नाही. घरातलं दुःख सगळ्यांचं मिळून एकच असतं, असं आपण समाचाराला जाताना गृहीत धरतो. ते तसं नसतं. ज्याचं त्याला वेगळं होतं आणि एकाच्या शब्दांत दुसऱ्याचं बसत नाही.

इथून पुढचा प्रश्न येतो : ज्यांच्यावर गुदरलं त्यांनी स्वतः सांगितलं तर वाटणी कशी होते? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पदरात लहान मूल, नवरा जिवंत असून दुरावलेला. आणखी पाच वर्षांनी, 1900 मध्ये, लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या नावावर सगळा दोष लिहून मोकळं व्हायचा हक्क मराठीत कुणाला असेल तर तो या बाईला होता. त्या टिळकांचा लहरीपणा, तापटपणा काही लपवत नाहीत. पण लगेच स्वतःची फजिती, स्वतःचा हट्टही तितक्याच मोकळेपणानं सांगतात, आणि सोवळ्याच्या कडकपणातून आलेला आपला तिटकारा आपल्यातून कसा गळत गेला तेही सांगतात. वाचकाला हसवत हसवत त्या दोघांच्याही पदरात ज्याचं त्याचं माप घालतात. गडकऱ्यांच्या सिंधूला जे मिळालं नाही, ते लक्ष्मीबाईंनी स्वतःच घेतलं.

1978 च्या 'बलुतं'मध्ये दया पवारांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारला सांगतो, अशी मांडणी. म्हणजे एकाच माणसाचे दोन केलेत, एक सांगणारा आणि एक ऐकणारा. त्यामुळे स्वतःची उलटतपासणी करता आली. महारवाड्यातल्या घरांची वाताहत जातीनं केली, याबद्दल पुस्तकात कुठेही मुळमुळीतपणा नाही. तरीही पहिल्या बायकोवर, सईवर, संशय घेऊन तिला टाकलं तो हिस्सा दगडू जातिव्यवस्थेच्या खात्यात ढकलत नाही. तो माझा, असं म्हणतो.

आणि बेबीताई कांबळे. 'जिणं आमुचं' 1986 मध्ये पुस्तकरूपानं आलं. फलटणच्या या बाईनं दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलं. महारवाड्यातल्या सासुरवाशिणींचे हाल, भूक, अंगात येणं, बाळंतपणं, सगळं त्यात आहे. स्वतःच्या नवऱ्याचा मार मात्र नाही. तो त्या बोलल्या पुढे, माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या निमित्तानं झालेल्या मुलाखतीत. मराठी पुस्तकात त्यांनी 'आमुचं' सांगितलं, 'माझं' मागे ठेवलं. या मौनाला भित्रेपणा म्हणायला मी तयार नाही. आपल्या वस्तीच्या दुःखाचा निवाडा व्हायचा असताना आपल्याच घरातला पुरुष आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला, तर समोरची बाजू त्याचा फायदा घेईल, हे तिला कळत होतं. पण त्या मौनाची किंमत तिनंच मोजली. म्हणून आत्मकथन वाचताना कोण बोललं याइतकंच काय बोललं गेलं नाही, याकडे लक्ष ठेवावं लागतं.

आता शेवटचा आणि आजचा मुद्दा : शेतकऱ्याच्या घरातलं मरण. पण त्याआधी थोडं मागे जाऊ. 1630 च्या दुष्काळात तुकोबांच्या घराचं दिवाळं निघालं, बायको अन्नावाचून गेली. आपल्या अभंगांत ते हे सांगतात तेव्हा त्यांना आपली लाज वाटते. परंपरा असं सांगते की घरच्या कर्जदारांची खतं तुकोबांनी भावाबरोबर निम्मी निम्मी वाटून घेतली आणि आपल्या वाटची इंद्रायणीत बुडवली. भुकेनं घर बसलेल्या माणसानं आपल्या कर्जदारांवरचा दावा सोडून दिला. वाटणीची याहून थोर गोष्ट मराठीत मला ठाऊक नाही.

आज विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यानं जीव दिला की 'कसं झालं?' हा प्रश्न सरकार विचारतं. पंचनामा होतो, शवविच्छेदनाचा अहवाल जोडला जातो, सातबारा आणि बँकेची कागदपत्रं लागतात आणि प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे जातं. कारणं ठरलेली आहेत : नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जफेडीचा तगादा. कर्जसुद्धा बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. यात बसलं तर प्रकरण 'पात्र' आणि घरच्यांना 1 लाख रुपये. त्यातले 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. नाही बसलं तर 'अपात्र'. कर्ज मेव्हण्याकडून घेतलेलं असेल, जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल, किंवा दारू प्यायचा असं कुणी लिहून दिलं असेल, तर मरणाचं कारण बदलतं. नियमाशिवाय पैसा वाटता येत नाही हे मला मान्य आहे. पण 'अपात्र' हा शिक्का आर्थिक राहत नाही. गावात त्याचा अर्थ असा होतो की दोष घरातच होता. आणि घरात म्हणजे कुणाचा? बहुतेक वेळा बायकोचा.

सदानंद देशमुखांची 'बारोमास' 2002 मध्ये आली आणि 2004 मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बुलढाण्याकडच्या बोलीत लिहिलेली ही कादंबरी पंचनाम्याच्या रकान्यांत न मावणारं सगळं दाखवते. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ, शहरातून आलेली आणि या घरात न रुजलेली त्याची बायको अलका, थकलेले आईबाप, हात चोळणारा भाऊ. इथे प्रत्येक जण दुसऱ्याला बोल लावतो, आणि बोल लावणारा प्रत्येक जण थोडा खरा असतो. बियाण्याचा भाव, पावसाची ओढ, लग्नातला खर्च, नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे हे सगळं जेवणाच्या ताटावरच्या खेकसण्यातून आपल्यासमोर येतं. शेतीचं अर्थकारण नवराबायकोच्या भांडणात कसं उतरतं, हे समितीच्या अहवालात कधी सापडणार नाही. या कादंबरीत पानोपानी सापडतं.

आणि 'तेरवं'. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापेंनी बसवलेल्या या नाटकात शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायका स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. सिंधूपासून इथपर्यंत मराठी रंगभूमीला शंभर वर्षं लागली. ज्या बाईला वाटणीत बोलायला मनाई होती, ती तेराव्याच्या नावाच्या नाटकात उभी राहून बोलतेय आणि प्रेक्षागृहात बसून आपण ऐकतोय. सिंधूइतकं गोड गाणं तिला येत नसेल. मला ते बरंच वाटतं. गोडव्याच्या आड लपायला आपल्याला जागा उरत नाही.

समारोपाकडे येतो. साहित्यानं दुःख हलकं होतं असं म्हणायची पद्धत आहे. माझा त्यावर विश्वास नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला कादंबरी देऊन काही हलकं होत नाही, आणि कादंबरी 1 लाख रुपयेही देत नाही. तिचं काम वेगळं आहे. घाईनं झालेला निकाल ती कायमचा होऊ देत नाही. यमूला पांढऱ्या पायाची म्हणणारे गेले, ती पुस्तकात राहिली आणि एकशे तीस वर्षांनंतरही तिची बाजू ऐकली जाते. हे अपील मराठी साहित्यानं चालवलं. मात्र ते निवडक प्रकरणांतच चालवलं, हेही कबूल करायला हवं. मध्यमवर्गीय घरातल्या बापाच्या दुःखाला आपण दोन-दोन पिढ्या टाळ्या दिल्या. 'अपात्र' ठरलेल्या घरातल्या विधवेवर मराठीत किती कादंबऱ्या आहेत, ते तुम्हीच मोजा.

या सभागृहात लिहिणारी तरुण मुलंमुली आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरातल्या दुःखावर लिहायला घ्याल तेव्हा आधी गावानं काय निकाल दिलाय तो नीट लिहून काढा. मग ज्याला त्या निकालात सगळ्यात जास्त दोष आलाय, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याची बाजू ऐका. तो निर्दोष निघेलच असं नाही. पण निकाल जसाच्या तसा राहणार नाही.